मागच्या रांगेतलं जोडपं

१४ जानेवारी

संक्रांत. कविताचा तिळगूळ कडक झाला. मुलगा भरत म्हणाला, दात पडतील. माझ्या जनाचाही कधी कधी असाच व्हायचा, पण ते बोललो नाही. सुनेला वाटेल, बाबा सासूशी तुलना करतात.

दुपारी शेखर आला. टोकावड्याच्या नाक्यावर जीप चालवतो तो. हल्ली शूटिंगवाल्यांना माणसं पुरवतो. वैशाखऱ्याच्या पुढे, नाणेघाटाच्या पायथ्याला परदेशी कंपनी आली आहे. रिकाम्या भाताच्या शेतात त्यांनी अख्खं गाव उभं केलंय. गोष्ट जुन्या काळची. आपल्याकडची माणसं बोटीत बसून मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेली, त्यांची.

"कोंडूकाका, तुमच्या मिशा हायेत तशाच पायजेत. कलप नाय लावायचा."

"मी कधी लावला रे?"

"म्हणून तर आलो."

मी नाही म्हटलं. मुरबाडच्या फॅक्टरीत जन्मभर फिटर म्हणून काम केलं, रिटायर झाल्यावर भात लावतो. सोंगं घ्यायचं हे वय नव्हे. आतून कविता म्हणाली, "जा की बाबा. घरात बसून भिंतीशी बोलता."

मी भिंतीशी बोलत नाही. रेडिओशी बोलतो.

१७ जानेवारी

गेलो. शेखर रोज येऊन डोकं खायचा, त्यापेक्षा एकदा जाऊन आलेलं बरं.

धोतर दिलं, बंडी दिली. मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा दिसत होता, त्यावर एका पोरीने माती चोळली. मग कानात वायर लावलेली दुसरी पोरगी आली आणि बाजारात कोंबड्यांच्या जोड्या लावाव्यात तशा आमच्या जोड्या लावत सुटली. तुम्ही मिस्टर, तुम्ही मिसेस. माझ्या शेजारी सरळगावची एक बाई उभी केली. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"दुसरा नाय का? माझा मालक एवढा लुकडा नव्हता."

सगळे हसले. नाव रंभा. मालक जाऊन बरीच वर्षं झालीत म्हणे. सरळगावच्या शाळेत मुलांची खिचडी करते. बाई तोंडाळ आहे. उद्या जाणार नाही.

१८ जानेवारी

गेलो. शेखरला शब्द दिला होता.

मागे उभं राहण्याचंही एक काम असतं, हे मला माहीत नव्हतं. पुढे हिरो बोलत असतो. मागे आम्ही आमच्या घरात असल्यासारखं वागायचं. मी ओट्यावर बसायचं, रंभाबाईने भाकर वाढायची, आणि दोघांनी बोलायचं; पण आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. काय बोलायचं ते कोणी सांगत नाही. पोरगी म्हणाली, काहीही बोला.

मला काही सुचेना. मी एक, दोन, तीन असे आकडे मोजले. कट झाल्यावर रंभाबाई म्हणाली, "पाढे काय म्हणता? बायकोशी कोण पाढे म्हणतो?"

"मग काय बोलू?"

"भात किती झाला ते सांगा. बैल विकला का ते सांगा. काय तरी घरातलं."

पुढच्या वेळी ओठांनीच भाताचं सांगितलं. कोलम लावला, पावसाने थोडा आडवा केला, हेसुद्धा. तिने मान हलवली आणि काहीतरी विचारलं. मला कळलं नाही, तरी मी हो म्हटलं. कट झाल्यावर ती पोट धरून हसत होती. तिने विचारलं होतं, "तुमी रोज आंघोळ करता का?" मग हो म्हटलं ते बरंच झालं.

भाकर खरी होती. भाकरीखाली तिने घरून आणलेला ठेचा लपवला होता. डोळ्यात पाणी आलं. डायरेक्टरला ते आवडलं.

२१ जानेवारी

गोऱ्या लोकांची बस आली. साहेब, मडमा, बोटीवरचे अधिकारी. ही सगळी मुंबईत फिरायला आलेली माणसं, नट कोणी नव्हे. कंपनीने गोळा करून इकडे आणली.

त्यातली एक बाई, मार्गिट नावाची, माझ्याच वयाची असेल. हंगेरी देशाची. तिला घेरदार झगा आणि छत्री दिली होती. जेवणाच्या सुट्टीत बूट काढून ती आमच्याजवळ जांभळीखाली येऊन बसली. थोडी हिंदी येते तिला, मुंबईत उचललेली. मला फॅक्टरीतलं थोडं इंग्रजी येतं. रंभाबाई सरळ मराठीत बोलते, आणि त्या दोघींचंच जास्त जमतं.

तिचं ऐकून नवल वाटलं. नवरा गेल्यावर तिने घर विकलं आणि निघाली. तेव्हापासून देशोदेशी फिरते. जिथे सिनेमा चालू असेल तिथे मागे उभी राहते. कुठे नन झाली, कुठे भिकारीण, एका देशात तर प्रेत झाली होती. हिमतीने बर्फात पडून राहिली. मी विचारलं, असं का करता? बराच वेळ शब्द शोधून ती म्हणाली, टूरिस्टला गाव लांबून दिसतं. मागे उभं राहिलं की कोणीतरी येऊन आपला पदर सरळ करतं, हातात भांडं देतं, इथे बसा म्हणून सांगतं. तेवढ्यापुरतं ते गाव आपलं होतं.

रंभाबाईला हे मी मराठीत सांगितलं. तिने आपल्या डब्यातली वालाची उसळ त्या बाईच्या पानावर वाढली.

मग मार्गिटने आमच्याकडे बोट करून विचारलं, "आप दोनों, शादी, कितना साल?"

मी गडबडलो. नाही, नाही म्हणणार तेवढ्यात रंभाबाई म्हणाली, "पाच दिवस!" आणि पंजा दाखवला.

मार्गिट इतकी हसली की छत्री लवंडली. मीही हसलो. घरी आल्यावर आठवून पुन्हा हसू आलं. कविता विचारत होती, काय झालं म्हणून. सगळं सांगावं लागलं. तिला सिनेमाचं फार वेड आहे.

२५ जानेवारी

दोन दिवस शूटिंग बंद. हिरो आजारी.

वाल खुरपायला गेलो, अर्ध्यावर टाकून आलो. भरतवर उगाच खेकसलो. मुरबाडला जाऊन केस कापून आलो. न्हाव्याला सांगितलं, मिशीला हात लावू नको. कविताने न सांगता माझा निळा शर्ट इस्त्री करून ठेवला. म्हटलं, कशाला, तिथे धोतरच नेसायचं आहे. ती म्हणाली, "जाता-येता तर घालाल."

हे बरोबर आहे.

२८ जानेवारी

आज निरोपाचा सीन. गावातले पुरुष बैलगाड्यांतून बंदराकडे निघतात, बायका शिवेवर उभ्या राहतात. डायरेक्टरचं म्हणणं असं की गाडीतल्या कोणीही मागे बघायचं नाही. बघितलं तर पाय निघणार नाही, म्हणून.

सकाळपासून ऊन तापेपर्यंत तेच. गाडीत बसा, निघा, कट, परत या. परत आलो की रंभाबाई विचारायची, "आलात मॉरिशसवरून? काय आणलंत?" एकदा मी वाटेतला एक गुळगुळीत गोटा उचलून दिला. तो तिने ओटीत ठेवला.

शेवटच्या एक-दोन वेळांना मात्र ती गमतीने बोलली नाही. आलो तर डोळे लाल, गालावर ओघळ. मी विचारलं, "तुमाला ग्लिसरीन दिलं का?"

"हो. दिलं."

"आमाला नाय दिलं."

"तुमाला कशाला? तुमी तर जाणारे."

रात्रीच्या जेवणावर हे सांगितलं तर कविता म्हणाली, "मागच्या लोकांना ग्लिसरीन कोण देतं, बाबा?" मग रंभाबाईला कोणी दिलं? स्वतः विकत आणलं असेल का? कामाच्या बाबतीत बाई फार मन लावून करते खरी.

३० जानेवारी

आज एक गोष्ट झाली. लिहावी की नको असं वाटतंय.

आमच्या गावचा गोमा शूटिंग बघायला आला होता. मी आणि रंभाबाई जांभळीखाली डबा खात होतो. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "काय कोंडू, नवीन बायको केलीस? आमाला जेवण नाय?"

लोक बघायला लागले. माझे कान तापले. मी म्हणालो, "कसली बायको! या शूटिंगवाल्यांनी गळ्यात बांधली. पॅकअप झालं की सुटलो."

गोमा हसला. मीही हसलो. रंभाबाईने डबा बंद केला.

दुपारच्या सीनमध्ये तिने ओठ हलवले नाहीत. मी भाताचं बोललो, घराचं कौल बदलायचं आहे ते बोललो. ती भाकर वाढून खाली बघत राहिली. कानात वायर लावलेली पोरगी ओरडली, मावशी, बोला ना, तुम्ही नवरा-बायको आहात! रंभाबाई म्हणाली, "नवरा-बायको अशीच असतात, पोरी."

मी चारचौघांत दुसरं काय बोलणार होतो? तिच्याही नावाला जपायला नको? तिचं नाव राखण्यासाठीच बोललो.

तसं नाही. माझंच राखलं.

२ फेब्रुवारी

पॅकअप. कपडे परत दिले. रंभाबाई पहिल्याच जीपने गेली. मी पायावरची माती धूत होतो, तेवढ्यात.

मार्गिट मुंबईला परत जाणार नव्हती. घाट चढून पलीकडे जुन्नरला जायचं म्हणाली. तिला टोकावड्याच्या स्टँडवर एसटीत बसवून देण्याचं काम मी घेतलं. बस यायला वेळ होता. चहा प्यालो. तिने विचारलं, रंभा कुठे? मी म्हटलं, गेली, मला न सांगता.

ती म्हणाली, "और आप? आपने रोका?"

मी म्हटलं, माणसाला कसं थांबवायचं, प्रत्येकाचं आपलं घर असतं. तिने पिशवी जवळ ओढली आणि हळू म्हणाली, "मैं इतना देश घूमी. लोग बोलते, वाह, कितनी हिम्मत. हिम्मत नहीं. कोई बोला नहीं, रुको."

बस आली. कंडक्टरला सांगून तिला खिडकीजवळ बसवलं. घाटाच्या दिशेने धूळ उडवत बस गेली. या बाईशी माझी ओळख ती काय, तरी स्टँडवर बराच वेळ उभा होतो.

१२ फेब्रुवारी

जेवण जात नाही. पित्त असावं.

१९ फेब्रुवारी

कविताने वालाच्या शेंगांची पिशवी हातात दिली. "शेखरभाऊ बोलले, रंभामावशींचा गुडघा दुखतोय. बघून या. शेंगा द्या."

गुडघ्याला शेंगांचा काय उपयोग, असं विचारलं नाही.

सरळगावला तिचं घर शोधलं. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. ती खाटेवर चादर पसरून भांडी बांधत होती. तिच्या मुलाने, शामने, वासिंदला फ्लॅट घेतलाय. नवरा-बायको दोघं कामाला जातात, मुलांना बघायला कोणी नाही. ती शाळेचं काम सोडून कायमची तिकडे चालली आहे.

"घर?"

"कुलूप."

मला खूप बोलायचं होतं. मी म्हणालो, "चांगलं हाय. मुलाकडे जावंच."

तिने चादरीची गाठ घट्ट केली. मग म्हणाली, "हो. जावंच."

पाणी प्यालो आणि निघालो. योग्य तेच बोललो. शेंगा कोवळ्या होत्या, तिला आवडतील की नाही ते विचारायचं राहिलं. चालत नाक्यापर्यंत आलो, जीप समोरून गेली तरी हात केला नाही.

२० फेब्रुवारी

कविताशी भांडलो. म्हणजे ती माझ्याशी भांडली.

"काय बोललात तिकडे?"

"जा म्हटलं मुलाकडे."

तिने हातातलं सूप खाली ठेवलं. "बाबा, तुमी एवढे दिवस ओठ हलवून बोललात त्यांच्याशी. आता आवाज काढायची वेळ आली, तर एवढंच?"

मी म्हणालो, तुला काय समजतं, लोक काय म्हणतील, भरत काय म्हणेल. ती म्हणाली, "लोकांचं सोडा. आईंचं वर्षश्राद्ध झाल्यापासून या घरात तुमी एकदा मोठ्यानं हसलात. ते पाच दिवसांच्या लग्नावर. आमी दोघांनी ऐकलं."

आणि ती आत गेली. मला वाटत होतं, तिला सिनेमाचं वेड आहे.

लिहितो. मला रंभा हवी आहे. घरात. रोज. हे खोडत नाही.

२२ फेब्रुवारी

भरतला सांगितलं. तो कल्याणहून कामावरून आला होता, हातपाय धूत होता. ऐकून त्याने तांब्या खाली ठेवला. मग जनाच्या फोटोकडे बघून म्हणाला, "आई काय म्हणाली असती?"

मी खरं तेच बोललो. "माहीत नाय रे. तिला विचारता आलं असतं तर हे सगळं कशाला झालं असतं."

तो न जेवता झोपला.

२५ फेब्रुवारी

तीन दिवस भरत बोलला नाही. चहा घेऊन निघून जायचा. पोराचा राग मला कळतो. माझ्या बापाने असं काही काढलं असतं तर मी घर सोडलं असतं.

आज सुट्टी होती. मी गोठ्याचं दार ठोकत बसलो होतो. तो बाहेर आला, मोटरसायकल पुसली, बराच वेळ पुसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "वासिंद लांब हाय. एसटीनं दोनदा बदलायला लागतं. बसा मागे."

किन्हवलीवरून निघालो. शहापुरात त्याने गाडी थांबवली. म्हटलं, पेट्रोल संपलं की काय. तो दुकानात जाऊन पेढ्यांचा पुडा घेऊन आला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"रिकाम्या हातानं जाऊ नका. आणि शर्ट खोचा, बाबा."

मग त्याने हेल्मेट घातल्यावर त्याच्या पाठीकडे बघून मी म्हणालो, "तू रागावलायस."

"हाय थोडा. जाईल. आई गेल्यावर मला वाटलं, आमी हाओत तुमच्याजवळ, झालं. कविता रोज सांगायची, नाय झालं. मी ऐकलं नाय."

शेखरने दिलेल्या पत्त्यावर वासिंदला पोचलो. भरत खालीच थांबला. मी जिने चढलो. दार रंभाने उघडलं. हाताला पीठ होतं. मुलं शेजारी खेळायला गेली होती, शाम आणि त्याची बायको बाजारात. तिने बसा म्हटलं. मी बसलो नाही; बसलो असतो तर पुन्हा भाताचं बोललो असतो.

"त्या दिवशी गोमासमोर बोललो ते वाईट बोललो. मला लाज वाटली लोकांची. तुमची नाय."

"ऐकलं मी तेव्हाच."

"आणि सरळगावला जा बोललो, तेपण खोटं. नका जाऊ असं बोलायचं होतं."

"आता तर आले इकडे."

"म्हणून एवढ्या लांब आलो." मग एका दमात बोलून टाकलं. "माझ्या घरी याल का? कायमच्या?"

तिने हात पदराला पुसले. "कोणत्या नात्यानं? भाकऱ्या थापायला तर इथंपण हाय मी."

"लग्न करून. देवळात, चारचौघांत. गोमाला पण बोलवू."

ती खिडकीपाशी गेली. खाली भरत गाडीला टेकून वर बघत होता. त्याने मान लववली. ती तशीच पाठमोरी उभी राहिली. खांदे हलत होते. हसते की रडते ते मला समजेना, आणि या वेळी मी ग्लिसरीनचं विचारलं नाही.

वळून म्हणाली, "मुलांच्या परीक्षा होऊ द्यात. पोरांना मध्येच टाकून यायची नाय मी. शामशी माझं मी बोलते. तुमी मध्ये पडू नका."

"बरं."

"आणि भाकऱ्या मी करीन, पण भांडी तुमी घासायची."

"बरं."

"सारखं बरं बरं काय? काय तरी घरातलं बोला."

बोललो. मुलं परत येईपर्यंत आम्ही बोलत होतो. भरतला वर बोलावून चहा दिला तिने. त्याने दोन वेळा मागून घेतला.

१८ मार्च

रंभाचा फोन आला. शाम आधी रागावला, मग गप्प झाला, आता म्हणतो सुट्टीत मुलांना आमच्याकडे पाठवीन. तिने दोन-तीन वाक्यांत सांगितलं आणि विचारलं, तुमच्याकडे मुलांपुरती खाट आहे का. म्हटलं, करतो. उद्या सुताराकडे जायचं आहे.

२६ एप्रिल

झालं. गावच्या देवळात, सकाळी, उन्हाच्या आत. कविताने नवी साडी आणली होती, रंभाला ती फार गडद वाटली, तरी नेसली. शेखर जीप सजवून आला. गोमा आला, सगळ्यांत जास्त जेवला, आणि जाताना माझा हात धरून काहीतरी बोलायला बघत होता. मी म्हटलं, राहू दे रे.

संध्याकाळी घरी आल्यावर रंभा सरळ जनाच्या फोटोपुढे गेली. हात जोडून उभी राहिली. ओठ हलत होते. काय बोलली ते मी विचारलं नाही. ते त्या दोघींचं.

२७ एप्रिल

पहाटे जाग आली तर चुलीजवळ भांड्यांचा आवाज. क्षणभर कुठे आहे तेच कळेना. ओट्यावर येऊन बसलो. तिने चहा आणून दिला आणि शेजारी बसली. समोर घाटाचा डोंगर उजळत होता.

चहात साखर फार होती. काही बोललो नाही. उद्या सांगेन. नाहीतर परवा. आता घाई कसली.